ताप लपवावा लागू नये म्हणून

शाळेत साथ कुठून शिरते, असे विचारले की आपले डोळे फाटकाकडे वळतात. ताप मोजायची बंदूक तिथे, सॅनिटायझरची बाटली तिथे, सूचनांचा फलकही तिथेच. पण खरा निर्णय त्याआधी तासभर घरात झालेला असतो. मुलाच्या कपाळाला हात लागतो, अंग कोमट वाटते, रात्री दोनदा खोकल्याचा आवाज आलेला असतो आणि व्हॅन यायला वीस मिनिटे उरलेली असतात. त्या वीस मिनिटांत आई किंवा बाबा काय ठरवतात, यावर वर्गातल्या चाळीस मुलांचा पुढचा आठवडा अवलंबून असतो.

खराडीत ही वीस मिनिटे फार घाईची असतात. नगर रस्ता आणि मुळा-मुठेचा काठ यांच्यामध्ये वसलेले हे गाव १९९७ साली पुणे महापालिकेत आले. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ईऑन आयटी पार्क, वर्ल्ड ट्रेड सेंटर आणि वीस-वीस मजल्यांच्या सोसायट्या उभ्या राहिल्या. आई-बाबा दोघेही आयटीत, आजी-आजोबा गावी, मूल शाळेतून थेट पाळणाघरात, असे घर इथे एका घराआड सापडते. त्याच सोसायटीत चार घरची धुणीभांडी करायला चंदननगर किंवा थिटे वस्तीतून येणाऱ्या ताईंचे मूल महापालिकेच्या शाळेत जाते. एका घरात नऊ वाजताची मीटिंग चुकवता येत नाही, दुसऱ्या घरात दिवसाचा खाडा परवडत नाही. दोन्ही घरांत पॅरासिटामॉलच्या सिरपचे झाकण उघडते आणि मूल शाळेत जाते. या पालकांना बेजबाबदार म्हणण्याने काही साधत नाही. मूल आजारी आहे हे खरे सांगायची किंमत आपण फार चढी ठेवली आहे, आणि शाळांसाठी गेल्या काही वर्षांत निघालेले बहुतेक नियम ही किंमत कमी करण्याऐवजी वाढवत गेले आहेत.

लपवालपवीचा सगळ्यात कडू धडा पुण्याने १८९७ मध्ये घेतला. प्लेगच्या साथीत ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा मंजूर झाला आणि वॉल्टर चार्ल्स रँडच्या हाताखाली गोऱ्या सोजिरांच्या तुकड्या पुण्यात घरोघर शिरून रोगी शोधू लागल्या. रोगी सापडला की त्याची रवानगी इस्पितळात, घरच्यांची विलगीकरणाच्या छावणीत. लोकांनी मग रोगी लपवले, मृत्यूही लपवले, आणि रोग अधिक पसरला. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये, आजच्या खराडीच्या समोर नदीपलीकडे असलेल्या मुंढव्यात एक वेगळी गोष्ट घडत होती. सावित्रीबाई फुले यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना काढला होता. मुंढव्याच्या गावकुसाबाहेरचा एक मुलगा आजारी आहे असे कळल्यावर सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेतले आणि दवाखान्यात पोचवले. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. एका बाजूला दार ढकलून रोगी हुडकणारी व्यवस्था होती. दुसऱ्या बाजूला, रोग्याला न घाबरता जाता येईल अशी जागा उभी करणारी देशातली एक आद्य शिक्षिका होती. शाळेचे आरोग्य-नियम लिहिणाऱ्या प्रत्येकाने या दोन्ही वाटा डोळ्यांसमोर ठेवाव्यात असे मला मनापासून वाटते. शिवाय हा इतिहास फारसा जुना झालेला नाही. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने कोरोनासाठी लागू केला तो हाच १८९७ चा कायदा.

त्याआधी २००९ येऊन गेले होते. स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात गेला. ती चौदा वर्षांची शाळकरी मुलगी होती. नायडू रुग्णालयाबाहेर रांगा लागल्या, औषधांच्या दुकानांतले मास्क संपले, लोकांनी तोंडाला रुमाल बांधले, शाळा-महाविद्यालये बंद झाली. फ्लूच्या बाबतीत हा निर्णय शास्त्राला धरून होता. फ्लू लहान मुलांमध्ये झपाट्याने पसरतो आणि त्यांच्याकडून घरात जातो, त्यामुळे साथ चढत असताना शाळा थोडे दिवस बंद ठेवल्या तर चढाव मंदावतो. मात्र ही बंदी दिवसांत मोजायची होती. पुणेकरांच्या आणि प्रशासनाच्या मनात एवढेच उरले की साथ आली की शाळा बंद. किती दिवस, कोणत्या इयत्ता, कोणत्या खुणेवर उघडायच्या, हा हिशेब त्या वेळी कुणी मांडून ठेवला नाही. तो मांडून ठेवला असता तर २०२० ची सुरुवात वेगळी झाली असती.

९ मार्च २०२० रोजी राज्यातले पहिले कोरोनाबाधित दांपत्य पुण्यातच सापडले. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यातच पुण्यातल्या शाळा बंद करण्याचा आदेश निघाला. दहावीचा भूगोलाचा पेपर राहिला, तो शेवटपर्यंत झालाच नाही. त्या घडीला बंदी योग्य होती. विषाणू नवा होता, मुलांवर त्याचा काय परिणाम होतो हे कुणाला माहीत नव्हते, आणि समोर २००९ चा अनुभव होता. प्रश्न सुरू होतो तो त्याच वर्षाच्या शेवटी. ५ ऑक्टोबर २०२० पासून राज्यात उपाहारगृहे आणि बार निम्म्या क्षमतेने उघडले. नववी ते बारावीच्या वर्गांना राज्याने २३ नोव्हेंबरपासून परवानगी दिली, पुणे शहरात ते ४ जानेवारी २०२१ ला भरले. पाचवी ते आठवीला १ फेब्रुवारी उजाडला. तीन आठवड्यांत रुग्ण वाढू लागले आणि सगळे पुन्हा बंद झाले. त्यानंतरची दुसरी लाट इतकी भयंकर होती की त्या बंदीविषयी मी तक्रार करणार नाही. ऑक्सिजनसाठी शहर धावत असताना वर्ग भरवणे शक्यच नव्हते. ४ ऑक्टोबर २०२१ ला आठवी ते बारावी पुन्हा उघडली. पहिली ते सातवीचे वर्ग मात्र पुण्यात १६ डिसेंबर २०२१ ला उघडले, आणि ओमायक्रॉनमुळे जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात पहिली ते आठवी परत बंद झाली, ती १ फेब्रुवारी २०२२ पर्यंत.

जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेल्या खराडीतल्या एखाद्या मुलीच्या बाजूने हे पाहावे. तिने पहिलीचा वर्ग आतून पाहिलाच नाही. दुसरीत असताना डिसेंबरमध्ये ती पहिल्यांदा बाकावर बसली, तीही नाताळच्या सुट्टीसह जेमतेम तीन आठवडे. वाचायला शिकण्याचे वय हेच. मधल्या काळात राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने 'शाळा बंद पण शिक्षण आहे' म्हणून मोहीम चालवली, सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' मालिका आली, शिक्षकांनी फोनवर धडे पाठवले, आणि ज्या घरात प्रत्येकाकडे स्वतंत्र लॅपटॉप होता तिथे त्याचा उपयोगही झाला. इमारतीच्या पायाजवळ पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या मजुराच्या घरी एकच फोन होता आणि तो बापाबरोबर कामावर जात होता. 'असर' या शालेय शिक्षणाच्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागात तिसरीतल्या ज्या मुलांना दुसरीचा उतारा वाचता येतो त्यांचे प्रमाण २०१८ मध्ये २७.३ टक्के होते, ते २०२२ मध्ये २०.५ टक्क्यांवर आले. ही पाहणी खेड्यांतली आहे. पण बांधकामावरच्या मुलांची गत खेड्यातल्या मुलांहून बरी होती, असे मानायला काहीच आधार नाही.

त्या बंदीने रोग किती थांबला, हे विचारायलाच हवे. जुलै-ऑगस्ट २०२० मध्ये, शाळा बंद होऊन चार-पाच महिने झालेले असताना, पुण्यातल्या पाच प्रभागांत आयसर आणि पुणे विद्यापीठाच्या सहभागाने रक्ततपासणी झाली. १,६६४ नमुन्यांत ५१.५ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे सापडली. जून-जुलै २०२१ च्या देशव्यापी चौथ्या सिरो सर्वेक्षणात सहा ते नऊ वर्षांच्या मुलांत हे प्रमाण ५७.२ टक्के आणि दहा ते सतरा वर्षांच्या मुलांत ६१.६ टक्के निघाले. म्हणजे शाळेचे तोंडही न पाहिलेल्या निम्म्याहून अधिक लहान मुलांना घरातूनच लागण होऊन गेली होती. यावरून बंदीचा काहीच उपयोग झाला नाही असे म्हणता येणार नाही, लाटेचा वेग तिने कमी केला असेल. पण मूल घरात म्हणजे मूल सुरक्षित, हे समीकरण दाट वस्तीच्या शहरात टिकले नाही. हे आकडे बाहेर आले त्याच वेळी, जुलै २०२१ मध्ये, आयसीएमआरचे तेव्हाचे महासंचालक डॉ. बलराम भार्गव यांनी जाहीरपणे सुचवले होते की उघडायचेच तर आधी प्राथमिक शाळा उघडाव्यात. डेन्मार्कने एप्रिल २०२० मध्ये लहान मुलांचेच वर्ग आधी भरवले होते. आपण शेवटपर्यंत उलट्या क्रमाने गेलो. मोठी मुले मास्क नीट लावतात, बोर्डाची परीक्षा तोंडावर आहे, ही आपली कारणे होती. ती खोटी नव्हती, पण सहा वर्षांच्या मुलाच्या बाजूने बोलणारे त्या बैठकांत कुणी नव्हते.

नियमांतही वजन कुठे पडले ते पाहण्याजोगे आहे. २०२० च्या नोव्हेंबरात शिक्षकांची आरटीपीसीआर, पालकांचे संमतिपत्र, दिवसाआड निम्मी मुले, एका बाकावर एक, फाटकावर ताप मोजणे, वर्गाचे निर्जंतुकीकरण. २०२१ च्या ऑक्टोबरात 'माझे विद्यार्थी, माझी जबाबदारी' म्हणत लसीकरण झालेले शिक्षक आणि बालरोगतज्ज्ञांच्या कृती दलाच्या सूचना. सर्वांत जास्त मेहनत फरशा-बाके पुसण्यात गेली, आणि तिचाच उपयोग सर्वांत कमी झाला. कोरोना मुख्यतः हवेतून पसरतो हे पुढे जागतिक आरोग्य संघटनेनेही मान्य केले. ताप मोजायच्या बंदुकीचे तर दुहेरी अपयश. संसर्ग झालेल्या कितीतरी मुलांना ताप येतच नाही, आणि ज्यांना येतो त्यांच्यापैकी कितीकांनी घरून निघताना औषध घेतलेले असते. त्या बंदुकीने ताप लपवून येण्याची सवय लावली, एवढे मात्र खरे.

हवेचा प्रश्न खराडीत आला की तो पुस्तकातला राहत नाही. वर्गात किती शिळी हवा साचली आहे हे कार्बन डायऑक्साइडच्या मोजणीवरून कळते. बाहेरच्या हवेत तो दहा लाख भागांत साधारण ४२० भाग असतो. वर्गात हजाराच्या आत राहिला तर हवा बऱ्यापैकी खेळते आहे असे समजावे. चाळीस मुले, बंद खिडक्या आणि फक्त आतलीच हवा फिरवणारा एसी असेल तर तो दोन हजारांच्या वर सहज जातो. महापालिकेच्या जुन्या बांधणीच्या शाळांना दोन्ही बाजूंनी खिडक्या असतात आणि त्या दृष्टीने त्या नव्या काचबंद इमारतींहून चांगल्या आहेत. पण खिडकी उघडा म्हणणे सोपे. खराडीत खिडकी उघडली की बांधकामाची धूळ, नगर रस्त्याचा धूर, आणि पावसाळ्यात डासांबरोबर डेंगी. दम्याचे मूल असलेल्या आईला मी 'खिडकी उघडी ठेवा' असे सरसकट सांगू शकत नाही. वर्गाच्या वरच्या झडपा उघड्या, एक्झॉस्ट पंखा चालू, खिडक्यांना जाळी, जवळच्या बांधकामावर हिरवे कापड आणि पाण्याचे फवारे पडतात की नाही यावर महापालिकेची नजर, असे चार-पाच जुळवाजुळवीचे उपाय एकत्र करावे लागतात. धूळ आटोक्यात आणणे हाही मग साथ रोखण्याचाच भाग ठरतो. मोजणीचे यंत्र काही हजार रुपयांत मिळते. शाळेने एक घेऊन आठवडाभर वर्गावर्गात फिरवले तरी कुठे दाटते ते समजेल.

व्हॅनचा विषय तर कुठल्याच परिपत्रकात धड आला नाही. मुंढव्याच्या पुलावर किंवा खराडी बायपासला अडकलेल्या, काचा चढवलेल्या व्हॅनमध्ये गुडघ्याला गुडघा लावून बसलेली दहा-बारा वेगवेगळ्या वर्गांची मुले वर्गातल्या सहा फुटांच्या अंतराला काय अर्थ ठेवतात? पुढच्या साथीत पहिला नियम व्हॅनच्या खिडकीचा करावा.

महासाथ ओसरली तरी साथी थांबल्या नाहीत. २०२३ च्या जुलैत आळंदीपासून डोळे येण्याची साथ सुरू झाली आणि पुणे परिसरातल्या शाळांत ती पसरली. हात-पाय-तोंडाचा आजार पावसाळ्यात बालवाड्यांमध्ये फिरत असतो. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीकडे गोवराने मुले दगावली. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेडगाव या भागात गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकाएकी वाढले, तेव्हा संशय पाण्यावर होता. तो आजार एका मुलाकडून दुसऱ्याला होत नाही, पण शाळेच्या टाकीचे पाणी कोण तपासते हा प्रश्न त्याने सगळ्या शहरापुढे ठेवला. खराडीला २०२१ पासून भामा आसखेडचे पाणी मिळू लागले असले तरी टँकर सुटलेले नाहीत, त्यामुळे इथल्या शाळांनी टाकीतल्या क्लोरीनची रोजची नोंद फलकावर लावायला हवी.

मग आजारी मुलाने घरी किती दिवस राहायचे? याची उत्तरे वैद्यकाकडे बरीच स्पष्ट आहेत, ती पालकांपर्यंत पोचत नाहीत एवढेच. गोवर असेल तर पुरळ उठल्यापासून चार दिवस. कांजण्यांत सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत. गालगुंड सुजल्यापासून पाच दिवस. फ्लू किंवा फ्लूसारख्या तापात, औषध न देता सलग चोवीस तास ताप न येता जाईपर्यंत. जुलाब-उलट्या थांबल्यावर दोन दिवस. डोक्यात उवा झाल्या म्हणून कुणाला घरी पाठवू नये, आणि नुसत्या शेंबडासाठीही नको, नाहीतर जून ते सप्टेंबर अर्धी बालवाडी रिकामी राहील. आपल्याकडे अंगावर काही उठले की मूल घरात ठेवायची रीत जुनी आहे. गोवर-कांजण्यांत दाराला कडुलिंबाचा पाला लागायचा, येणारा-जाणारा बाहेरूनच परतायचा, मुलाला दहा दिवस कुणी शाळेचे नाव काढत नसे. दिसणाऱ्या आजाराला समाजाने असा मान दिला. खोकला आणि ताप मात्र 'चालतंय, डबा भरलाय' या सदरात राहिले, आणि हवेतून पसरणारे बहुतेक आजार तर त्याच सदरातले.

नियम माहीत असूनही मोडला जातो, त्यामागे हजेरी आहे. स्नेहसंमेलनात शंभर टक्के हजेरीचे बक्षीस मिळते. युनिट टेस्ट चुकली तर पुन्हा घेत नाहीत. दोन दिवस रजा घेतली तरी डॉक्टरांचे 'फिट' सर्टिफिकेट मागतात, म्हणजे तपासणीची फी आणि दवाखान्यात आणखी चार आजारी मुलांशेजारी तासभर बसणे. दहावी-बारावीला ७५ टक्के उपस्थितीची अट. वंचित आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींना १९९२ पासून दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता मिळतो. मुली शाळेत टिकाव्यात हा त्यामागचा हेतू अगदी योग्य आहे, तरी तापाच्या दिवसाचा रुपया कापला जाऊ नये. या प्रत्येक गोष्टीला आपापले कारण आहे. सगळ्या मिळून त्या पालकाला एकच सांगतात, की काहीही करून पाठवा.

जपानने हा तिढा नियमानेच सोडवला आहे. तिथल्या शाळा आरोग्य सुरक्षा कायद्याखाली फ्लू झालेल्या मुलाने लक्षणे सुरू झाल्यापासून पाच दिवस आणि ताप उतरल्यापासून दोन दिवस शाळेत यायचे नाही, आणि हे दिवस गैरहजेरीत धरलेच जात नाहीत. त्याला 'उपस्थिती स्थगिती' म्हणतात. घरी राहणाऱ्या मुलाचे काहीच बिघडत नाही, म्हणून पालक खरे सांगतात. दुसरी त्यांची रीत वर्ग बंद करण्याची. एका वर्गात बरीच मुले फ्लूने आजारी पडली की तेवढाच वर्ग काही दिवस बंद केला जातो, शेजारचा वर्ग चालू राहतो. आपल्याकडे कोरोनाच्या दोन वर्षांत शाळांविषयीचे पुण्याचे निर्णय पालकमंत्र्यांच्या आठवड्याच्या आढावा बैठकीत झाले आणि ते सबंध शहराला लागले. सिंहगड रस्त्यावर रुग्ण वाढले तरी खराडीचे वर्ग बंद, खराडीत वाढले तरी कोथरूडचे. उलट टोकही पाहायला मिळाले. २०२१ च्या जुलैत इंग्लंडमध्ये एका मुलामागे सगळा गट घरी पाठवण्याच्या पद्धतीने दहा लाखांहून जास्त मुले एकाच वेळी शाळेबाहेर होती आणि त्यांतली प्रत्यक्ष बाधित फार थोडी होती. वसतिगृहांचे गणित आणखी निराळे. फेब्रुवारी २०२१ मध्ये वाशिम जिल्ह्यात देगावच्या निवासी शाळेत २२९ विद्यार्थी बाधित निघाले, कारण तिथे झोपणे, जेवणे, शिकणे एकाच हवेत होते. निवासी शाळेला आणि तीन तास भरणाऱ्या बालवाडीला एकच परिपत्रक लावणे हा आळस आहे.

वर्गापुरता निर्णय घ्यायचा तर वर्गाची माहिती हवी, आणि ती प्रत्येक शाळेत रोज सकाळी तयार होते. हजेरीपट हेच ते साधन. चाळीसांपैकी सात मुले दोन दिवसांत तापाने गैरहजर राहिली तर ते कोणत्याही प्रयोगशाळेच्या अहवालाच्या आधी कळते. देशाच्या एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमात माहिती येते ती मुख्यतः दवाखाने, रुग्णालये आणि प्रयोगशाळांकडून, म्हणजे मूल बऱ्यापैकी आजारी झाल्यावर. सरकारी आणि अनुदानित शाळांची रोजची हजेरी आता फोनवरून राज्याकडे जाऊ लागली आहे. त्याच वाटेने 'तापाने गैरहजर इतके' हा एकच आकडा, नावाशिवाय, नगर रोड-वडगाव शेरी क्षेत्रीय कार्यालयाच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे पोचवता येईल. खासगी शाळांनाही ते अवघड नाही, बहुतेकांकडे ॲप आहेच. 'नावाशिवाय' हा शब्द इथे महत्त्वाचा. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एखाद्या मुलाचे नाव आले की पुढचे दहा पालक तोंड मिटून घेतात. वर्गशिक्षिकेने 'आपल्या वर्गात एकाला कांजण्या आहेत, पुढचे तीन आठवडे लक्ष ठेवा' एवढेच कळवावे.

सगळा भार शाळेवर टाकून चालणार नाही. आजारी मुलाजवळ बसायला घरात कुणीतरी हवे. महाराष्ट्र शासनाच्या महिला कर्मचाऱ्यांना २०१८ पासून १८० दिवसांची बालसंगोपन रजा आहे. खासगी नोकरीत मुलाच्या तापासाठी म्हणून रजेचा हक्क कायद्यात नाही. ईऑनमधल्या कंपन्यांनी घरून काम चालते हे दोन वर्षे सिद्ध करून दाखवले, तेव्हा मुलाच्या आजारपणाचे चार-पाच दिवस तरी त्या सवलतीत बिनतक्रार बसवावेत. आणि ज्या सोसायटीत आपण राहतो तिथल्या ताईंच्या मुलाला ताप असेल तर त्या दिवसाचा पगार कापू नये. हे आपल्या हातात आहे, त्यासाठी कुणाच्या परिपत्रकाची वाट पाहायला नको.

लसींमध्येही असाच दुभंग आहे. सरकारी लसीकरणात गोवर-रुबेलाची लस मिळते, नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्यभर शाळांमधून तिची मोठी मोहीम झाली. गालगुंड, कांजण्या आणि फ्लूच्या लसी त्या यादीत नाहीत. त्या बालरोगतज्ज्ञांकडे पैसे मोजून घ्याव्या लागतात. उलट, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके सरकारी व अनुदानित शाळांत तपासणीला जातात, खासगी शाळांकडे वळत नाहीत. म्हणजे महापालिकेच्या शाळेतल्या मुलाची वजन-उंची तपासली जाते पण त्याला गालगुंडाचे संरक्षण नाही, आणि काचेच्या इमारतीतल्या मुलाच्या लसी पूर्ण असतील-नसतील, कोणी विचारलेले नाही. प्रवेशाच्या वेळी जन्मदाखल्याबरोबर लसीकरणाचे कार्ड पाहायचे आणि राहिलेली लस कुठल्या दवाखान्यात मिळते ते सांगायचे, एवढे दोन्हीकडे करता येईल. कार्ड नाही म्हणून प्रवेश अडवणे मात्र नको. तसे केले तर बनावट कार्डे येतील, आणि ज्या मुलाला लस सर्वांत जास्त हवी तेच बाहेर राहील.

बांधकामावरची मुले या सगळ्या चर्चेत बहुधा गळतातच. डोअर स्टेप स्कूलसारख्या संस्था १९९० च्या दशकापासून पुण्यात त्यांच्यासाठी साइटवरच वर्ग भरवत आल्या आहेत. अशी मुले साइट बदलली की शाळा बदलतात. २०२० च्या उन्हाळ्यात मजूर गावाकडे निघाले तेव्हा त्यांचे शिक्षण कुठल्याच हजेरीपटात उरले नाही. शाळा बंद झाल्यावर शिजवलेला पोषण आहार थांबला, कोरडा शिधा मिळायला नाव शाळेत असावे लागत होते. पुढच्या वेळी शाळा बंदचा आदेश काढायची पाळी आली, तर दोन गोष्टी त्याच कागदावर लिहिलेल्या असाव्यात. एक, कोणत्या खुणेवर आणि कोणत्या इयत्तेपासून शाळा उघडायच्या, सुरुवात पहिली-दुसरीपासून धरून. आणि दुसरी, ज्या मुलांच्या घरी फोन नाही, अभ्यासाला जागा नाही, त्यांचे पाच-सहा जणांचे गट मोकळ्या जागेत कोण भरवणार. खराडीत त्यासाठी मैदाने आहेत, सोसायट्यांचे क्लबहाउस आहेत, बिल्डरांची साइट ऑफिसे आहेत. जागांची यादी क्षेत्रीय कार्यालयाने शांततेच्या काळातच करून ठेवावी, आणि तिच्यावर जबाबदार शिक्षकाचे नाव व फोन लिहिलेला असावा.